हरू न देणारी पेटी

गोमाजी साळिंदराची थोरली लेक झेलू हिचं लग्न ज्या फाल्गुनात झालं, त्याच फाल्गुनात बारा टेकड्यांच्या रानाचा राजा चारचौघांत हरला. म्हणून साळिंदरांना ते साल विसरता येत नाही, आणि दरबाराला ते कुणी आठवलेलं चालत नाही.

त्या रानात तेव्हा एक दरबारी कारखाना होता. तिथे खेळपेट्या बनत. खेळपेटी म्हणजे फणसाएवढी लाकडी पेटी. पुढे अभ्रकाची काच, आत कोंडलेले काजवे आणि खाली चार बटणं. पेटीत खेळाचा खोपा सरकवला की काजवे हलायला लागत आणि काचेवर एक चिमुकलं जनावर पळायला लागे. खड्डा आला की उडी मारायची, फांदी आली की वाकायचं. चुकलं की पेटी टुंई करायची आणि खेळ पहिल्यापासून सुरू व्हायचा. हे खोपे विणायचं काम साळवाडीतल्या साळिंदरांकडे होतं. आपल्याच गळलेल्या काट्यांच्या सुया करून ती विणत.

गोमाजी मात्र विणत नसे. तो कारखान्याचा हरप्या होता. नवा खोपा बाजारात जायच्या आधी हरप्यासमोर ठेवायचा आणि हरप्याने त्यात हरायचं, हा तिथला जुना रिवाज. खरं हरायचं, सोंग नाही. हरल्यावर हरप्याने शिवी हासडून पेटी लांब सारली, तर खोपा उसवायचा. शिवी हासडून पेटी पुन्हा जवळ ओढली, तर खोप्यावर शिक्का मारायचा. गोमाजीचा बाप हरप्या होता, आजा हरप्या होता. तीन पिढ्या इमानाने हरल्या, म्हणून त्या कारखान्याच्या पेट्या बारा टेकड्यांत घरोघरी होत्या आणि जेवायला हाका मारून आया दमत होत्या.

झेलूच्या लग्नाला महाराज स्वतः आले. राजा जातीने गवा. अंगाने डोंगर, स्वभावाने बरा, आणि सभोवतालच्यांनी सांगितलेलं ऐकायची सवय. झेलूने हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत बसून एक नवा खोपा विणला होता. तो महाराजांच्या हस्ते सुरू करावा असं ठरलं.

गव्याचा खूर एक आणि बटणं चार. महाराजांनी खूर ठेवला तशी चारही बटणं एकदम दाबली गेली. काचेवरचं जनावर एकाच वेळी उडी मारायला, वाकायला, पळायला आणि थांबायला गेलं, आणि पहिल्याच खड्ड्यात पडलं. पेटी टुंई म्हणाली.

मांडवात कुणी हललं नाही. एक टिटवी तेवढी हसली. ती नंतर कुणाला दिसली नाही. ती परदेशी निघून गेली असं दरबाराचं म्हणणं. टिटव्या परदेशी जात नाहीत असं टिटव्यांचं म्हणणं. चौकशी चालू आहे.

तेव्हा प्रधान उठला. प्रधान घोरपड होता. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, आणि हा तर तीन राजांना चिकटून इथवर आला होता. तो म्हणाला, "मंडळी, महाराज हरलेले नाहीत. खड्डा चुकीच्या जागी होता."

मांडवाने टाळ्या वाजवल्या. गोमाजीनेही वाजवल्या. लेकीचं लग्न होतं.

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं की चारही बटणं एकदम दाबणं ही बरोबर चाल समजावी. आठवड्याने दुसरं निघालं. महाराजांना एक न्याय आणि रयतेला दुसरा, हे बरं दिसत नाही, सबब कुणीही कोणतंही बटण दाबलं तरी बरोबरच समजावं. महिन्याने तिसरं निघालं की कामाच्या गर्दीत कुणाला बटण दाबायला सवड झाली नाही, तरी त्यालाही विजयी करावं. साळवाडीत खड्डे बुजवायचं काम सुरू झालं. विणलेले सगळे खोपे उसवून सपाट केले. कारखान्याच्या दारावर पाटी लागली: 'हरेल तो परका, जिंकेल तो आपला.'

पहिला महिना रान खूष होतं. जो तो जिंकत होता. मुंगसाचं पोर जिंकलं, आंधळी चिचुंद्री जिंकली, बिळात झोपलेला साप झोपेत सात वेळा जिंकला. दुसऱ्या महिन्यात लोक पेटी लावून शेजाऱ्याशी गप्पा मारू लागले. तिसऱ्या महिन्यात सगुणा सशिणीने पेटी चुलीपुढे नेऊन ठेवली, बसायला. ती म्हणाली, "बसायला चांगली आहे हो. लाकूड पक्कं आहे."

गोमाजीला कामावरून काढलं नाही. जुना रिवाज मोडला असं दिसायला नको होतं. तो रोज कारखान्यात जाई, सकाळभर जिंके, भाकरी खाई, दुपारभर जिंके आणि घरी येई. त्याची बायको म्हणे, "हरत होता तेव्हा घरी हसत यायचात."

नदीपलीकडे पाणमांजरांचं रान. तीही पेट्या बनवत. काळ्या, ओबडधोबड, एक बाजू दबलेली. पण त्यात दर घटकेला हरायला होई. एकदा एक पेटी भोपळ्यात लपवून अलीकडे आली. मग भोपळ्यांना फार मागणी आली. तीन वर्षांत अशी वेळ आली की बारा टेकड्यांत भोपळे मिळेनासे झाले आणि दरबारी पेट्या कारखान्यामागे रचून रचून तिथे तेरावी टेकडी उभी राहिली.

प्रधानाने सभा बोलावली. विषय एकच: पेटी खपत का नाही आणि खपावी कशी. खोप्यांचा जाणकार म्हणून गोमाजीलाही बोलावलं होतं. त्याला कोपऱ्यात बसवलं आणि पाणी दिलं.

रानडुक्कर म्हणाला, "नाव चुकलंय. खेळपेटी म्हणजे पोरकट वाटतं. विजयपेटी म्हणा." नाव बदललं. पेटी खपली नाही.

माकड म्हणालं, "दिसायला भारदस्त हवी. महाराजांसारखी शिंगं बसवू." शिंगं बसवली. मग पेटी सशांच्या बिळात शिरेना. दरबाराने बिळं सदोष ठरवली आणि ती रुंद करायची मुदत दिली. सशांनी बिळं रुंद केली. त्यातून कोल्हे आत शिरले. या योजनेने पेट्या खपल्या नाहीत, पण गिऱ्हाईक कमी झालं, त्यामुळे दरडोई खप वाढलेला दिसला. माकडाला शाल मिळाली.

मग लांबच्या तळ्यावरून एका बगळ्याला सल्लागार म्हणून आणलं. तो तीन दिवस एका पायावर उभा राहून विचार करत होता. त्या तीन दिवसांत तळ्यातले मासे बरेच कमी झाले. चौथ्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "माल उत्तम आहे. गिऱ्हाईक चुकीचं आहे."

"आम्हांला शंका होतीच," प्रधान म्हणाला.

गोमाजी कोपऱ्यातून उठला. "प्रधानजी, मी बोलू का? रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय. पेटीला काही झालेलं नाही. आत खेळ नाही. हरता येत नाही तिथे कोण कशाला खेळेल?"

प्रधानाने जीभ बाहेर काढून आत घेतली. "गोमाजी, तुमचा पगार चालू आहे ना?"

"आहे."

"मग हरलेल्यासारखं का बोलता?"

सभा हसली. शेवटी ठराव झाला. माघी पौर्णिमेपर्यंत पेट्या संपल्या नाहीत तर कारखाना बंद करायचा, साळवाडी उठवायची आणि तिथली टेकडी तरसांना चालवायला द्यायची. तरसं टेकडी कशी चालवणार हे कुणी विचारलं नाही. तरसं बाहेर येऊन बसली होती.

त्याच पौर्णिमेला निवडणूकही होती. बारा टेकड्यांत दर पाच वर्षांनी निवडणूक होते. दरबारासमोर एक खड्डा असतो. महाराज हवेत, असं ज्याला वाटेल त्याने त्यात खडा टाकायचा. महाराज नकोत असं वाटणाऱ्यासाठी दुसरा खड्डा खणायचा ठराव मागेच मंजूर झालेला आहे, फक्त कुदळ मिळत नाही. गेल्या दोन वेळेला खडे टाकायला फार कुणी आलं नव्हतं. पेटी खपत नाही आणि मतदानाला कुणी येत नाही, हे दोन वेगळे रोग आहेत, असं दरबार धरून चालला होता.

घरी आल्यावर गोमाजीने ठराव सांगितला. झेलूचा नवरा हैबती ऐकून घेत होता. तो म्हणाला, "मामा, आता लपवत नाही. पाणमांजरांचा निरोप आलाय. विणणारे पाहिजेत त्यांना. मी आणि झेलू जातो म्हणतो."

"गेलात की तुमची नावं इथून खोडतील. परत येता येणार नाही."

"येऊन करायचं काय, आबा?" झेलू म्हणाली. "तीन वर्षं सपाट रस्ता विणतेय. सुई झोपेत चालते माझी. परवा मी एक खड्डा विणला, एवढासा, मुंगीला पडता येईल इतका. मुकादमाने ओरडून सगळ्यांसमोर उसवायला लावला."

"साळवाडीत विणणारी राहिलीच किती? तू गेलीस तर शिकवणारं कुणी नाही उरायचं."

"बुजवायला कशाला शिकवायला पाहिजे? आणि तुम्ही तरी काय राखून बसलाय? जिंकताय नुसते."

म्हाताऱ्याला ते लागलं. तो म्हणाला, "पौर्णिमेपर्यंत थांबा. मी महाराजांच्या कानावर घालतो. नाही जमलं तर मी स्वतः नदीपर्यंत पोचवायला येईन."

"प्रधान भेटू देईल?" हैबतीने विचारलं.

"जावईबापू, प्रधान दुपारी ऊन खातो. घोरपड आहे ती. ऊन लागलं की डोळा लागतो."

मंगळवारी टळटळीत दुपारी गोमाजी दरबाराच्या मागच्या बाजूने कुंपणाखालून आत शिरला. खणायला त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. पोटाशी लग्नातला तो पहिला खोपा होता. सगळे खोपे उसवले तेव्हा हा एक झेलूने दिला नव्हता.

महाराज जांभळीखाली बसले होते. समोर पेटी आपोआप जिंकत होती. महाराज तिच्याकडे बघतही नव्हते.

"कोण? गोमा का?" महाराज म्हणाले. "ये. जिंकून जिंकून जीव आंबलाय बघ."

"हरायचा खोपा आणलाय, महाराज."

महाराजांनी भिंतीवरच्या उन्हाकडे बघितलं. प्रधान तिथे पसरला होता. "लाव," ते हळू आवाजात म्हणाले. "पण माझा खूर चारही बटणांवर पडतो रे. त्याला काय करणार?"

गोमाजीने पाठीवरचा एक लांब काटा उपटला आणि महाराजांच्या दातांत दिला. काट्याच्या टोकाने एका वेळी एकच बटण दाबलं जाई. एवढंच करायचं होतं. तीन वर्षांत बारा टेकड्यांतल्या एकाही शहाण्याला राजाच्या तोंडात काटा देणं सुचलं नव्हतं. सगळ्यांना खड्डे बुजवणं सोपं वाटलं.

महाराज पहिल्या खड्ड्यात पडले. पेटी टुंई म्हणाली. महाराज दुसऱ्यांदा पडले. तिसऱ्यांदा खड्डा ओलांडला आणि फांदीला आपटले. सातव्यांदा पडल्यावर महाराजांनी खेळाला, खोप्याला आणि विणणारीच्या सासरच्यांना एक जुनी गवेशाही शिवी हासडली. आणि पेटी पुन्हा जवळ ओढली.

गोमाजीने कमरेचा शिक्का काढला. तीन वर्षांत त्याच्यावरची शाई वाळून गेली होती. त्याने तो जिभेवर ओला केला आणि खोप्यावर मारला.

"हे मला कुणी का सांगितलं नाही?" महाराजांनी दातांतला काटा न काढता विचारलं.

"एक टिटवी सांगत होती, महाराज."

महाराजांनी दातांतला काटा पायाशी ठेवला. मग म्हणाले, "परवा गुरुवारी भरदरबारात खेळतो. सगळ्यांदेखत पडतो. राजा पडला तर रयतेला पडायची चोरी राहणार नाही. तू लेकीला घेऊन ये. आणि हे इथेच राहू दे, मला जरा सराव करू दे. हरायला झालं तरी पहिल्याच खड्ड्यात नको."

गोमाजी घरी आला तो हसत. बायकोने न विचारता ओळखलं. झेलूने सुया पाजळल्या आणि शेजारच्या पोरींना खड्डा कसा विणायचा ते दाखवायला बसली. हैबतीने पाणमांजरांना उलट निरोप पाठवला की तूर्त येत नाही.

गुरुवारी सकाळपासून दरबार भरला. गोमाजी आणि झेलू पुढे बसली होती. ऊन वर आलं. महाराज आले नाहीत. दुपार कलली तेव्हा प्रधान बाहेर आला. त्या दिवशी तो ऊन खायला गेला नव्हता. तो म्हणाला, "महाराज विश्रांती घेत आहेत. रयतेच्या काळजीने त्यांना थकवा आला आहे."

शुक्रवारी दवंडीवाल्या कावळ्याने टेकड्याटेकड्यांवर ओरडून सांगितलं की महाराज दर्शन देणार. रान जमलं. दरबाराच्या भिंतीवरून महाराजांची शिंगं दिसली. शिंगं डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. लोकांनी जयजयकार केला. शिंगं पुन्हा डावीकडे झुकली. गोमाजी मात्र मागच्या बाजूला गेला, आणि कुंपणाखालच्या आपल्या भोकातून त्याने पाहिलं. दोन माकडं खांद्यावर शिंगं घेऊन शिडीवर उभी होती. एकाच्या अंगावर शाल होती.

तो थेट प्रधानासमोर जाऊन उभा राहिला. "बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर," तो म्हणाला.

"श्राद्ध निवडणुकीनंतर," प्रधान म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. "बसा, गोमाजी. तुमच्याच फायद्याचं बोलतो. तुमची साळवाडी आता उठत नाही. कारखाना आता तीन पाळ्यांत चालणार. बगळेसाहेबांनी तोड काढली आहे."

बगळा एका पायावर उभा होता. तो म्हणाला, "खड्डा बंद. या वेळेपासून मतदान पेटीवर. ज्याच्या घरी पेटी, त्याला मत. ज्याला मत, त्यालाच रेशन."

"आणि बटण?" गोमाजीने विचारलं.

"चार आहेत की. लोकांना निवडायला मिळालं पाहिजे."

"कोणतंही दाबलं तरी बरोबर."

"बघा," प्रधान म्हणाला, "तुमच्याइतकं हे यंत्र कुणाला कळत नाही. म्हणून तर तुम्हांला जवळ ठेवलं. तीन वर्षं तुम्ही सकाळ-संध्याकाळ तपासलंत, कधी चुकली का पेटी?"

"आणि खेळ? विणणाऱ्या पोरींनी काय करायचं?"

"खेळ कशाला आता? पेटी खपली ना."

गोमाजी बाहेर पडला आणि त्याने गप्प बसायचं नाही असं ठरवलं. पाणवठ्यावर सगुणा सशीण होती. तिला त्याने सांगितलं की शिंगं माकडांच्या खांद्यावर आहेत.

"हळू बोला, भावोजी," ती म्हणाली. "माहीत आहे सगळ्यांना. माझ्या धाकट्याने मघाशी कुंपणाच्या फटीतून पाहिलं. शेजारच्या मुंगसीणबाईंनीही पाहिलं."

"मग?"

"मग काय? मेलेला असला म्हणून काय झालं, त्रास तरी देत नाही. आणि रेशन मिळतंय. तेवढी ती पेटी घरात असलेली बरी. आमची शिंगाच्या आधीची आहे, चालेल ना हो?"

गोमाजी तिथून निघाला. पुढे भेकराला सांगितलं, ते रांगेत उभं होतं आणि रांग सोडायला तयार नव्हतं. ती पेट्यांची रांग होती. तेराव्या टेकडीला वळसा घालून ती नदीपर्यंत गेली होती. चार दिवसांत टेकडी संपली. पाचव्या दिवशी पेट्यांचा काळाबाजार सुरू झाला. ज्या कारखान्याला तीन वर्षं गिऱ्हाईक मिळत नव्हतं, त्याच्या दारात लोक एकमेकांना शिंगं मारत होते. बगळ्याने तळ्याकडे जाताना सांगितलं की हे सगळं त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

मतदानाच्या सकाळी गोमाजी लेक-जावयाला घेऊन नदीवर गेला. ठरल्याप्रमाणे. पलीकडच्या काठावर एक म्हातारं पाणमांजर ओंडक्यावर बसून आलेल्यांची नावं विचारत होतं.

"काय येतं गं तुला?" त्याने झेलूला ओरडून विचारलं.

"हरवता येतं," झेलू म्हणाली.

"ये मग. पाणी कमरेइतकंच आहे, डावीकडून ये."

झेलू पाण्यात उतरली. मधे थांबून मागे वळली. "आबा, तुम्हीही या. तिथे हरप्या लागेल."

"तुझी आई येणार नाही. ती लागलीय पेटीच्या रांगेत," गोमाजी म्हणाला. "तू जा. सुया भिजवू नकोस."

ती पलीकडे पोचेपर्यंत तो उभा राहिला. परतताना बारा टेकड्यांवरून पेट्यांची बटणं दाबल्याचा आवाज येत होता. एकही पेटी टुंई म्हणत नव्हती.

खप त्या महिन्यात सगळ्यांत जास्त झाला. मतदानही सगळ्यांत जास्त झालं. शंभरातली अठ्ठ्याण्णव मतं महाराजांना पडली. उरलेल्या दोन पेट्या दुरुस्तीला पाठवल्या आहेत. नव्या पाच वर्षांची शपथ महाराजांनी भिंतीआडून घेतली, आणि तेव्हापासून राज्य पूर्वीपेक्षा स्थिर आहे, असं सगळेच मानतात.

गवेमहाराज माघ शुद्ध नवमीला, गुरुवारी सकाळी वारले. मतदान त्यानंतर सहा दिवसांनी झालं.